औषध आणण्याआधी माळ्यावर चढा

वाचक लिहितात : «आमचं जुनं कौलारू घर दापोली तालुक्यात आहे. मागे आगर. थोडे माड, केळी, अळू, सुरण. पाऊस सुरू झाल्यापासून उंदरांनी जीव नकोसा केलाय. रात्रभर माळ्यावर धावपळ असते. सकाळी माडाखाली भोक पडलेली कोवळी फळं मिळतात. केळीच्या बुंध्याशी मातीचे ढीग आहेत, सुरण खालून पोखरलेला निघतो. न्हाणीघराच्या भिंतीकडेने लांब तोंडाचा, उग्र वासाचा एक चीं-चीं करत पळतो तो वेगळाच. पिंजरा लावला, दोन रात्रीत एकही सापडला नाही. मुलाने मुंबईहून काळी पूड आणि गोळ्या आणून ठेवल्यात. शेजारी म्हणतात, चिकट पुठ्ठा लावा. सासूबाई म्हणतात, गणपती तोंडावर आलेत, त्यांच्या वाहनाला मारू नका. गणपतीला नातू येणार आहे, अडीच वर्षांचा. घरात मांजर आहे, कोंबड्या आहेत, आगरात विहीर आहे. मला काही सुचेनासं झालंय.»

ताई,

आधी त्या पुडीचं आणि गोळ्यांचं बघू. बाकीचं उत्तर मग सावकाश वाचा.

काळपट पूड म्हणजे बहुतेक झिंक फॉस्फाईड. गोळ्या हवाबंद नळीत किंवा पाकिटात आलेल्या, करड्या रंगाच्या असतील, तर त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असण्याची दाट शक्यता आहे. पूड पोटात गेली की तिथल्या आम्लामुळे फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. गोळ्या पोटातही जायला नकोत, हवेतल्या ओलाव्यानेच त्यांच्यातून तोच वायू सुटतो, आणि कोकणात श्रावणात हवा किती ओली असते हे तुम्हाला मी सांगायला नको. या गोळ्या धान्याच्या गोदामांसाठी असतात. प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय त्या वापरायच्या नाहीत, सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकायच्याही नाहीत, तरी त्या विकल्या जातात. घरात अशा गोळ्या ठेवल्या आणि झोपलेली मुलं वायूने दगावली, हे आपल्या देशात घडलेलं आहे. या दोन्ही विषांवर उतारा नाही.

तेव्हा पाकिटं उघडू नका. विहिरीत, गटारात, चुलीत, खताच्या खड्ड्यात, कुठेही टाकू नका. घराबाहेरच्या कोरड्या, वारा खेळणाऱ्या जागी कुलपात ठेवा आणि मुलाला सांगा, पुढच्या खेपेला ज्याने विकली त्याला परत कर. तो घेईना तर तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. आणि देव न करो, पण कुणाच्या पोटात गेलंच, तर ओकारी काढायची नाही, पाणी-दूध पाजायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि पाकीट सोबत घेऊन रुग्णालय गाठायचं. नातू येईल तेव्हा ही वस्तू तुमच्या आवारात नसावी. या एका बाबतीत मी तुम्हाला दुसरा पर्याय देणार नाही.

आता उंदरांकडे. तुमच्या पत्रात एक नाही, तीन वेगवेगळे प्राणी आहेत. तिघांना एकच उपाय करत बसलात तर वर्ष जाईल.

माळ्यावर धावतो तो काळा उंदीर, आपला नेहमीचा घरउंदीर. अंगाने सडपातळ, शेपूट अंगाहून लांब, चढण्यात तरबेज. माडावरची कोवळी फळं पाडणाराही हाच. खाली पडलेलं एखादं फळ उचलून बघा : भोक देठाजवळ, गोल, कडेला दातांच्या बारीक खुणा. आतलं पाणी आणि कोवळी मलई गेलेली असते. त्याला जमिनीवर उतरायची फारशी गरजच नसते. माडाच्या शेंड्यात घर, झावळीवरून कौलावर, कौलाखालून माळ्यावर.

केळीच्या बुंध्याशी मातीचे ढीग घालते ती घूस. ती खणणारी आहे. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, आणि एका बिळाला तीन-चार तोंडं, त्यातली काही आतून मातीने बुजवलेली. कंद, मुळं, केळीचा गाभा, भाताच्या लोंब्या हे तिचं खाणं. जोत्याखाली शिरली तर फरशी बसते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

आणि न्हाणीघराच्या कडेने चीं-चीं करत जाते ती चिचुंद्री. ती उंदीर नव्हेच. तिचा खुराक झुरळं, किडे, गांडुळं. तुमच्या तांदळाशी तिला घेणंदेणं नाही. वास उग्र आहे, मान्य, पण तिला पिंजऱ्यात घेऊ नका, काठीने मारू नका. मोरीच्या भोकाला जाळी बसली की ती बाहेर राहील आणि बाहेर राहून तुमचं कामच करेल. कितीतरी घरांत चिचुंद्रीसाठी विष ठेवलं जातं आणि जीव मांजराचा जातो, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

खात्री करायची असेल तर रात्री माळ्यावर भिंतीच्या कडेने चुलीतली राख पातळ पसरा. सकाळी पावलं दिसतील, मध्ये शेपटीची रेघ दिसेल, आणि मुख्य म्हणजे ती कुठून येते आणि कुठे संपते ते दिसेल. पीठ वापरू नका, ते खाऊन जातील. उंदीर रोज त्याच वाटेने जातो, भिंतीला अंग घासत. म्हणून जुन्या वाटेवर वाशाला, भिंतीच्या माथ्याला काळपट तेलकट पट्टा उमटलेला असतो. बॅटरी तिरपी धरा, म्हणजे तो चमकतो. पट्टा जिथे कौलाखाली दिसेनासा होतो तिथे त्याचं दार आहे.

माझं सगळं सांगणं या दारापाशी येतं. आपण उंदीर कशाने मारायचा यावर घरात वाद घालतो, पण तो आत कसा येतो हे बघायला माळ्यावर कुणी चढत नाही. घरउंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण करू लागतात. मुंबईत महापालिकेने उंदीर मारायला रात्रपाळीची माणसं नेमलेली आहेत. बॅटरी आणि काठी घेऊन ती गल्लीबोळ फिरतात, वर्षाला लाखांनी उंदीर मारतात. फार कष्टाचं, घाणीतलं काम आहे ते. तरी मुंबईतले उंदीर संपलेले नाहीत, कारण कचरा आणि भोकं जागच्या जागी आहेत. खाणं आणि वाट शिल्लक असेल तर मेलेल्याची जागा रिकामी राहत नाही.

तर पहिलं काम बुजवण्याचं. उंदराला आत यायला अर्धा इंच भोक पुरतं. छोट्या पिटुकल्या उंदराला तर पेन्सिल जाईल एवढी फट चालते. भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामध्ये जी सापट असते, वासे बाहेर येतात तिथली, ती जुन्या घरांत सर्रास उघडी असते. तिथे पाव इंची चौकोनी भोकांची जस्ती जाळी खिळ्यांनी ठोकून घ्या. प्लॅस्टिकची जाळी नको, एका रात्रीत कुरतडतील. भिंतीतल्या भोकात आधी तारेची घासणी कोंबा, वरून सिमेंट भरा. नुसतं सिमेंट ओलं असताना उकरतात, फेस भरून फुगवायचा मसाला तर त्यांना खेळणंच. मागीलदाराच्या खालच्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी मारा. मोरीला लोखंडी जाळी. फुटकी कौलं बदला. हे सगळं गणपतीआधी रंगरंगोटीला माणूस येईल त्याच्याकडून एका खर्चात होऊन जातं.

एक सावधगिरी मात्र हवी. उंदीर आत असताना सगळी भोकं बुजवलीत तर ते आत मरतील, नाहीतर बाहेर पडायला दुसरीकडे पोखरतील. म्हणून मुख्य वाटेचं एक भोक शेवटपर्यंत उघडं ठेवा, त्याच वाटेवर पिंजरे लावा, आणि राखेत दोन-चार रात्री पाऊल उमटलं नाही की तेही बंद करा.

पिंजऱ्याबद्दल. दोन रात्रीत तो फसला असं म्हणू नका. उंदराला वाटेवर नवी वस्तू दिसली की तो काही दिवस तिच्यापासून लांब राहतो, हा त्याचा स्वभावच आहे. पिंजऱ्याचं दार तारेने उघडं बांधून ठेवा आणि तीन-चार रात्री आत खायला ठेवत जा. तो निर्धास्तपणे आत जाऊन खाऊ लागला की पाचव्या रात्री तार सोडा. एकाच्या जागी तीन-चार पिंजरे एकदम लावा, भिंतीला लागून, खोलीच्या मधोमध नाही. खायला भाजलेलं खोबरं ठेवा, नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा. तुमच्याकडच्या उंदरांना ओलं खोबरं माडावर फुकट मिळतं, तेव्हा त्यांना भाजलेल्याचाच वास ओढतो. आमिष आकड्याला दोऱ्याने घट्ट बांधा, नाहीतर ओढून नेतात.

सापडलेल्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण सासूबाईंच्या बोलण्यात तेच आहे. जवळ सोडला तर तो परत येतो, लांब सोडला तर दुसऱ्याच्या पडवीत शिरतो. पिंजरा पाण्यात बुडवणं किंवा उन्हात ठेवून देणं हे मला पटत नाही, जीव हाल होऊन जातो. मारायचाच असेल तर स्प्रिंगचा सापळा बरा, क्षणात संपतं. तो मात्र मांजर आणि नातू पोचणार नाहीत अशाच जागी, म्हणजे माळ्यावर. शेजाऱ्यांनी सांगितलेला चिकट पुठ्ठा अजिबात आणू नका. त्यावर उंदीर दोन दोन दिवस ओरडत, स्वतःची कातडी सोलून घेत जिवंत राहतो. पाल, चिमणीचं पिल्लू, तुमच्या कोंबडीचं पिल्लू, काहीही अडकतं. भारतीय प्राणी कल्याण मंडळानेही ते वापरू नयेत असं सांगितलेलं आहे. आवाजाने उंदीर पळवणारी विजेची यंत्रं आणि डांबरगोळ्या यांवर पैसे घालवू नका. त्या आवाजाची त्यांना सवय होते आणि तो भिंतीपलीकडे पोचतही नाही. डांबरगोळ्या तर लहान मूल तोंडात घालतं.

सासूबाईंचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. त्यांना सांगा, गणपतीपर्यंत आपण कुणालाही मारत नाही, फक्त दारं बंद करतोय आणि धान्य झाकतोय. त्यांच्या पिढीने हेच तर केलं. शेणाने लिंपलेल्या कणग्या, उंचावर टांगलेली शिंकी, पायांवर उभी केलेली भाताची कोठारं, ही सगळी उंदीर न मारता धान्य राखायचीच रीत होती. त्यांना विचाराल तर माझ्यापेक्षा जास्त सांगतील. चतुर्थीच्या नैवेद्याचं सामान, गूळ, तांदळाची पिठी, पोहे हे सगळं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा पिंपात जाऊ दे. पोतं भिंतीला टेकवून ठेवू नका, फळीवर ठेवा. कोंबड्यांचं खाणं रात्री उचला, मांजराची ताटली धुऊन ठेवा. भांडी रात्रीच घासली जाऊ देत. उंदराला पाणीही रोज लागतं, तेव्हा गळका नळ दुरुस्त करा आणि न्हाणीघरातल्या बादल्या रात्री पालथ्या ठेवा.

खाणं मोकळं सुटलं की काय होतं याचं उदाहरण मराठवाड्यात आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये भूकंप झाला. त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक भीतीने घराबाहेर राहू लागले, धान्य घरातच होतं. उंदीर वाढायला तेच निमित्त झालं, असं तेव्हा कारण सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिथे उंदीर आपोआप मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसांच्या काखेत-जांघेत गाठी आल्या. प्लेग. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण विष न ठेवता एकाच वेळी बरेच उंदीर मेलेले दिसले, तर ते बरं झालं असं समजू नका. हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

आता आगर. घुशीसाठी आधी जिवंत बीळ ओळखा. संध्याकाळी सगळी तोंडं मातीने बुजवून टाका, सकाळी जी उकरलेली असतील तेवढीच चालू. त्या तोंडाशी मोठा, मजबूत पिंजरा ठेवा. घूस अंगाने दांडगी असते, घरउंदराचा हलका पिंजरा ती वाकवते. तुमच्या मांजराकडून तिची अपेक्षा ठेवू नका, मोठ्या घुशीच्या वाटेला बहुतेक मांजरं जात नाहीत. भात कापल्यावर कातकरी मंडळी शेतात उंदरांची बिळं खणताना तुम्ही पाहिली असतील. कुठलं बीळ चालू, कुठे पिल्लं, कुठे लोंब्या साठवल्यात, हे त्यांना तोंड बघून कळतं. गावात असं जाणतं कुणी असेल तर योग्य मजुरी देऊन त्यांना बोलवा, एका सकाळचं काम आहे. बीळ रिकामं झालं की आत दगड आणि फुटक्या काचा घालून वर सिमेंटचा गिलावा करा, विशेषतः जोत्याला लागून असेल तिथे.

पण खरी जागा बीळ नाही, अडगळ आहे. नारळाच्या सोडणांचा ढीग, वाळक्या झावळ्या, सरपणाची रास, पडका गडगा. सरपण आणि सोडणं जमिनीपासून फूट-दीड फूट उंच मांडणीवर, घराच्या भिंतीपासून दूर रचा. खताच्या खड्ड्यात शिजलेलं अन्न, माशांची काटेकुटं, खोबऱ्याचा चोथा टाकू नका. पालापाचोळा, भाजीची देठं, शेण एवढंच असू दे, आणि खड्ड्याच्या तळाला तीच जस्ती जाळी अंथरा. घराला लागून तीन-चार फूट जमीन स्वच्छ, उघडी ठेवा. उघड्यावरून जायला उंदीर कचरतो.

माडांना बुंध्यापासून दीड-दोन मीटर उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळा, फूटभराहून रुंद. त्यावर नखं धरत नाहीत. मात्र झावळ्या एकमेकींत किंवा कौलावर टेकलेल्या असतील तर पट्ट्याचा काही उपयोग नाही, तो वरच्या वर जाईल. छपरापासून चार-पाच फुटांच्या आत येणारी प्रत्येक फांदी आणि झावळी पाडेल्याकडून काढून घ्या. माळ्यावरच्या धावपळीवर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

धामण दिसली तर जाऊ द्या. ती बिनविषारी आहे आणि उंदीर खाते. गव्हाणी घुबडाचं जोडपं जवळपास असेल तर त्यालाही हुसकू नका, पिल्लं असतात तेव्हा ते रात्रीतून कितीतरी उंदीर नेतं. हीसुद्धा विष न वापरण्याची कारणं आहेत, कारण विष खाऊन सुस्तावलेला उंदीर पहिला त्यांच्याच आणि तुमच्या मांजराच्या तोंडी लागतो. दुकानात मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांवर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, तेवढ्या अर्थाने त्या पुडीपेक्षा बऱ्या. पण कोंबड्या, मांजर आणि लहान मूल असलेल्या घरात मी त्याही सांगणार नाही. शिवाय उंदीर तीन-चार दिवसांनी कुठेतरी वाशांच्या सांदीत मरतो आणि ऐन आरतीच्या वेळी माळ्यावरून वास सुटतो.

हे सगळं गणपतीपर्यंत पुरं होणार नाही. जाळी, डबे आणि झावळ्या एवढं आधी करा. घूस आणि अडगळ नंतर, पण दिवाळीच्या आत. भात कापलं की शेतातले उंदीर निवारा शोधत घरांकडे वळतात, तेव्हा तुमची दारं बंद असायला हवीत.

शेवटचं, माळा झाडण्याबद्दल. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या आणि मग ओल्या फडक्याने पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप पसरतो, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो घराच्या आगरातही होतो हे विसरलं जातं. साचलेल्या पाण्यातून, चिखलातून, पायाच्या लहानशा जखमेवाटेही तो शिरतो. आगरात जाताना गमबूट घाला, जखम झाकून घ्या, नातवाला अनवाणी चिखलात सोडू नका. हौसेने खेळू दे, पण अंगणातल्या सुक्या जागेत, आणि आत आला की साबणाने हातपाय. शहाळं सोलण्याआधी धुऊन घ्या. नंतरच्या पंधरवड्यात, अगदी महिनाभरात, घरात कुणालाही सणकून ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर साधा ताप म्हणून घरगुती काढ्यांवर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि घरात उंदीर आहेत, आगरात वावर होता, हे त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा. नातू मुंबईला परत गेल्यावर आजारी पडला तर तिथल्या डॉक्टरांना हे आपोआप कळणार नाही, म्हणून निघतानाच सूनबाईंच्या कानावर घालून ठेवा.